पाचव्या हाताची जागा

मार्च महिन्यात माझ्या अंगाला दोन वास यायचे. एक गव्हाच्या चिकाचा आणि दुसरा फॉर्मलिनचा. धुळ्याला मी मावशीकडे राहून बी.एस्सी. करत होते आणि परीक्षेचा महिना नेमका कुरडयांचाही असायचा. मावशी तीन दिवस गहू भिजत घालायची. रोज पाणी बदलायचं, तरी तिसऱ्या दिवशी मोरीपासून जिन्यापर्यंत सगळीकडे तो आंबूस वास पसरायचा. मग गहू वाटायचे, पिळायचे, चीक रात्रभर खाली बसू द्यायचा आणि पहाटे गच्चीवर तीन विटांच्या चुलीवर मोठ्या पातेल्यात तो घाटायचा. गल्लीतल्या बायका पाळीपाळीने एकमेकींकडे जायच्या. आज हिच्या गच्चीवर, उद्या तिच्या. चीक शिजत आला की त्याचा आवाज बदलतो. आधी फदफद, मग फटफट. तो आवाज ऐकून मावशी खालूनच ओरडायची, "झाला, उतरवा." गरम चीक वाटीत घेऊन त्यावर तेल-मीठ घालून खायचा. मला तो फार आवडायचा, पण दुसऱ्यांदा मागायची हिंमत मला कधी झाली नाही.

माझं बोलणं कमी होतं. रावेरकडच्या आमच्या गावात पप्पांनी मला हट्टाने इंग्रजी माध्यमात घातलं. केळीच्या ट्रॅक्टरांमधून वाट काढत आमची स्कूलबस जायची. घरी सगळे आपल्या बोलीत बोलायचे, शाळेत बोली बोललं की दंड होता, आणि दोन्हींच्या मधे मी गप्प राहायला शिकले. धुळ्याला आल्यावर त्यात आणखी एका बोलीची भर पडली. गल्लीतल्या बायका अहिराणी बोलायच्या. मला सगळं कळायचं, पण तोंडातून पुस्तकातली मराठी यायची आणि ती ऐकून त्या एकमेकींकडे बघायच्या. शेजारच्या अक्का, ज्यांच्याशिवाय आमच्या गल्लीत कुरडईचा साचा हलत नसे, त्यांनी एकदा माझ्यासमोरच मावशीला विचारलं, "तुन्ही भाची मुकी शे का वं?"

मावशी चीक घाटता घाटता म्हणाली, "मुकी नाही वं अक्का. इंग्रजी शाळेतली आहे. तिले लाजही इंग्रजीत येते."

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण खरं म्हणजे ती लाज नव्हती, भीती होती. कशाची, ते मला सांगता आलं नसतं. दारावरची बेल वाजली तरी मी आतल्या खोलीत जायचे. वर्गात हजेरी घेताना माझा नंबर जवळ आला की तळहाताला घाम फुटायचा. आता मी स्वतः जळगावच्या एका कॉलेजात हजेरी घेते. शेवटच्या बाकावरची एखादी मुलगी 'प्रेझेंट' म्हणताना अर्धा शब्द गिळते, तेव्हा मी मान वर न करता तिच्या नावापुढे खूण करते आणि पुढचं नाव घेते.

कॉलेजात मला एकच जागा बरी वाटायची, ती म्हणजे प्राणिशास्त्राचं म्युझियम. दुसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली. तिच्या चारही भिंतींना काचेची कपाटं आणि कपाटांत बरण्या. साप, विंचू, समुद्रघोडा, डुकराचं न जन्मलेलं पिल्लू. मुली तिथे जायला घाबरायच्या. मला मात्र तिथे भीती वाटायची नाही, कारण तिथलं कोणीच मला काही विचारणार नव्हतं. त्या खोलीची चावी नानांकडे असायची. नाना म्हणजे आमचे लॅब अटेंडंट. सुकलेल्या चेहऱ्याचे, उंच, खाकी शर्टातले. पंचवीसएक वर्षं ते त्या बरण्या सांभाळत होते. चाव्यांचा जुडगा ते बुटाच्या लेसने कमरपट्ट्याला बांधायचे आणि चालताना तो मांडीवर आपटून वाजायचा. नाना जिन्याच्या खालच्या पायरीवर असले तरी आम्हाला वर कळायचं. शिपाई, क्लार्क, सर, मॅडम, कुणालाही म्युझियममध्ये काही हवं असेल तर आधी त्या आवाजाची वाट बघावी लागायची. कॉलेजच्या कोणत्याही कागदावर लिहिलेला नसला तरी नानांचा मान तेवढाच होता, आणि तो पुरेसा होता.

पहिल्याच वर्षी मी एकदा दाराबाहेर घुटमळत उभी होते, तेव्हा ते म्हणाले होते, "अक्का, भाहेर कसाले हुभी शे? मजार ये." सगळ्या मुलींना ते अक्काच म्हणायचे. मी आत गेले, आणि त्यानंतर दुपारी तास नसला की तिथे जाऊन चित्रं काढत बसायचे. ते बरण्या पुसायचे, कमी झालेला द्रव वरून भरायचे. बोलणं फारसं व्हायचं नाही. नियम एकच होता आणि तो त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितला होता. "बरनीले हात लावानं नही. देखानं, लिखानं, बस."

दुसऱ्या वर्षी आमच्या विभागप्रमुख मॅडमनी प्रकल्पासाठी दोन डबे ठेवले. एका डब्यात कणा असलेल्या प्राण्यांच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात कणा नसलेल्यांच्या. दोन्हींतून एकेक उचलायची आणि त्या दोघांची तुलना करायची. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक त्यावरच विचारणार. कुणाला बेडूक आणि झुरळ मिळालं, कुणाला कबुतर आणि गांडूळ. माझ्या हातात आले सॅलॅमँडर आणि ब्रिटल स्टार. एक पालीसारखा दिसणारा, पण बेडकाच्या कुळातला, थंड डोंगरातल्या ओलाव्यात राहणारा. दुसरा समुद्राच्या तळाशी राहणारा, तारामाशाचा किडकिडीत भाऊ, मधे रुपयाएवढी चकती आणि तिला पाच लांब, काटेरी, सापासारखे हात. धुळ्यात ना डोंगराचा ओलावा ना समुद्र. वर्गात कुणीतरी म्हणालं, "यांची तर पत्रिकाच जुळत नाही." मॅडमसुद्धा हसल्या.

म्युझियममध्ये दोघेही होते. नानांनी दोन्ही बरण्या माझ्यासमोर टेबलावर आणून ठेवल्या. "हाई कलकत्ताथाईन येल शे," ते सॅलॅमँडरकडे बोट करून म्हणाले, "तुन्हा जन्मना पहिले." सॅलॅमँडर फॉर्मलिनमध्ये होता. इतक्या वर्षांत रंग उडून तो भिजवलेल्या बदामासारखा दिसत होता. ब्रिटल स्टार मात्र स्पिरिटमध्ये होता. फॉर्मलिनमध्ये ठेवलं तर त्याचा चुन्याचा सांगाडा हळूहळू झिजतो, हे मला पुस्तकाने नाही, नानांनी सांगितलं. तो एका काचेच्या पट्टीवर पांढऱ्या दोऱ्याने बांधलेला होता. प्रत्येक हाताला एक फास, असे पाच.

"हाऊ तारा भलता भित्रा शे," नाना म्हणाले. "कोन्ही धरं का हात टाकी देस नि पळी जास."

मी विचारलं, "आणि हा?"

"हाई सोताव्हईसन पाय टाकत नही. कोन्ही तोडी लयं ते नवा उगाडस. धीरे धीरे."

मी वहीत दोन रकाने आखले. कणा : आहे, नाही. डोकं : आहे, नाही. मेंदू : आहे, नाही. ताऱ्याला मेंदूच नसतो, तोंडाभोवती मज्जातंतूंचं एक कडं असतं फक्त. साम्याच्या रकान्यात मी लिहिलं, तुटलेला अवयव दोघांनाही पुन्हा येतो. मग पेन्सिलने खाली एक ओळ लिहिली, भीती, आणि दोन्ही रकाने रिकामे सोडले. ज्याला डोकंच नाही तो घाबरतो कशाने, हे मला खरंच कळत नव्हतं.

ब्रिटल स्टारचं तोंड खालच्या बाजूला असतं. पट्टीवर बांधलेला असल्यामुळे ते दिसत नव्हतं आणि माझं चित्र अर्धं राहिलं होतं. त्या दुपारी नाना पाण्याच्या पंपाचं बघायला खाली गेले. पाच मिनिटांत येतो म्हणाले. मी झाकण उघडलं. ज्या मुलीला दुसऱ्यांदा चीक मागायची भीती वाटते, तिला बरणी उघडायची भीती का वाटली नाही? मला वाटतं, ज्या गोष्टीसाठी कुणाशी बोलावं लागत नाही तिचं मला धैर्य होतं. मी चिमट्याने पट्टी बाहेर काढली, एकेक हात फासातून सोडवला. चार सुटले. पाचवा फासात अडकला होता. मी जरासा ओढला.

काहीच आवाज झाला नाही. हात सुटून पट्टीवर राहिला आणि तारा माझ्या चिमट्यात आला. तुटलेल्या जागी खडूसारखा पांढरा ठिपका होता. आणि त्याच क्षणी खालच्या पायरीवर चाव्या वाजल्या.

नाना वर येईपर्यंत मी काय काय केलं ते मला नीट आठवत नाही. पण मी फार व्यवस्थित वागले होते एवढं खरं. चारही हात पुन्हा फासांत सरकवले, पट्टी बरणीत सोडली, झाकण लावलं, तुटकी बाजू भिंतीकडे केली आणि तो करंगळीएवढा हात कागदात गुंडाळून कंपासपेटीत टाकला. नाना आत आले तेव्हा मी सॅलॅमँडरच्या पुढच्या पायाची चार बोटं काढत होते. मागच्या पायाला पाच असतात. मी पुढच्यालाही पाच काढली होती, ते त्यांनीच दाखवलं.

घरी येऊन मी तो हात रिकाम्या काडेपेटीत घातला आणि गच्चीवरच्या खोलीत, माळ्यावर, कुरडयांच्या जुन्या डब्यांच्या मागे ठेवला. गोंदाने चिकटवता येईल असं मला वाटत होतं. एक संधी मिळाली, नाना पुन्हा पंपाकडे गेले, की झालं. त्या रात्री कूलरचा पंखा घरघरत होता आणि मला त्यात चाव्यांचा आवाज ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी नाना नेहमीसारखे बरण्या पुसत होते. बरण्यांवरच्या नावाच्या चिठ्ठ्या ते सगळ्या समोर, एका ओळीत ठेवायचे. ब्रिटल स्टारच्या बरणीपाशी ते थांबले. चिठ्ठी तिरकी झाली होती. त्यांनी बरणी हळूच फिरवली, पाहिली आणि परत होती तशी ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "अक्का, काही सांगानं शे का?"

मी म्हणाले, "नाही."

ते पुढची बरणी पुसायला लागले. मला वाटलं, त्यांना दिसलं नाही. असं वाटून घेणं किती सोपं असतं.

चार दिवसांनी आमच्या गच्चीवर कुरडया होत्या. पहाटेचा गारवा होता, खाली दूधवाल्याच्या सायकलची घंटी, आणि चुलीवर पातेलं चढवलेलं. मी चिकात घालायला मिठाचं पाणी करत बसले होते. अक्का साचा पुसत होत्या. मावशी पेटत्या चुलीत सारायला काटक्या शोधायला गच्चीवरच्या खोलीत गेली आणि जुने डबे खाली काढता काढता तिला काडेपेटी सापडली. ती बाहेर आली तेव्हा पेटी तिच्या हातात होती. मला दिसली. माझ्या तोंडात जीभ होती, दहा पावलांवर मावशी होती आणि "थांब" हा दोन अक्षरांचा शब्द होता. तो काही आला नाही.

मावशीने पेटी उघडली, किंचाळली आणि फेकून दिली. "अवं बाई, गोम! काडेपेटीत गोम वं!"

वाळलेला तो हात खरंच गोमेसारखा दिसत होता. बारीक, सांध्यासांध्यांचा, दोन्ही बाजूंना काटे. अक्कांनी क्षणात पायातली चप्पल काढली आणि तीन फटके मारले.

मग वाकून बघत म्हणाल्या, "मरेल व्हती वं. वाळेल शे पार."

"मरेली का जित्ती, गोम ते गोम," मावशी छातीवर हात ठेवून म्हणाली. "टाका ते चुलीत. वर्साच्या कुरडया आहेत, अपशकुन नको."

अक्कांनी तुकडे केरसुणीवर घेतले आणि चुलीत झटकले. मीठ टाकल्यावर होतो तसा बारीक तडतड आवाज आला. मग चीक चढला, फदफद सुरू झाली. मावशी मला म्हणाली, "तू कामून येवढी पांढरी पडली? मेली ना ती." त्या दिवशी मी शंभरेक कुरडया तरी घातल्या असतील, गोल, एकसारख्या. दुपारी त्याच चुलीच्या राखेने पातेलं घासायला बसले. राखेत कुठेतरी एक कडक कण होता. तो पितळेवर करकरला आणि माझ्या दाढा शिवशिवल्या. मी तोच कण शोधत बराच वेळ राख चिवडत राहिले. सापडला असता तरी त्याचं मी काय करणार होते?

प्रॅक्टिकलच्या आदल्या आठवड्यात मॅडम बरण्या तपासायला आल्या. परीक्षेला ठेवायचे नमुने त्या स्वतः निवडायच्या. मी व्हरांड्यात नोटीस बोर्डासमोर होते आणि दार उघडं होतं. आतून त्यांचा आवाज आला, "नाना, हे काय? याला चारच हात आहेत."

मग नाना म्हणाले, आणि मॅडमशी ते शुद्ध बोलायचा प्रयत्न करायचे, "माझ्या हातून तुटलं, मॅडम. दोरा बदलत होतो."

"इतक्या वर्षांत असं झालं नाही कधी."

"वय झालं."

"वय झालं असेल तर मग कशाला हे सांभाळता? उद्या सॅलॅमँडर फोडाल. तो पुन्हा मिळणार आहे का आपल्याला? चावी ऑफिसात क्लार्ककडे द्या. परीक्षेत पाण्याचं बघा."

नाना बाहेर आले. कमरेची लेस सोडत होते. गाठ जुनी असल्यामुळे सुटत नव्हती, म्हणून ते उजेडात येऊन थांबले, माझ्यापासून हातभर अंतरावर. त्यांनी मला पाहिलं. मी नोटीस बोर्डाकडे पाहिलं. तिथे कबड्डीच्या संघाची यादी लावलेली होती. मला त्यातली बरीच नावं आजही आठवतात.

त्यानंतर नाना आवाजाशिवाय चालायला लागले. तोपर्यंत मला चाव्यांच्या आवाजाची भीती वाटायची. आता तो नव्हता, तर ते कुठूनही येतील असं वाटायचं. मी वळायचे आणि ते पाण्याचा जग घेऊन मागे उभे असायचे. घरी मावशीने माझ्यासाठी भरीत केलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली. ताटात घास कालवत बसले तर ती म्हणाली, "परीक्षेचं भेव घेतलं का वं? नापास झाली त काय जीव जातो का?" मला सांगता येत नव्हतं की मी नापास होऊन चुकलेच आहे. वहीतला पेन्सिलने लिहिलेला शब्द मी रोज बघायचे. ज्याला मेंदू नाही तो संकटात सापडला की हात टाकून पळतो. आणि टाकलेला हात तिथेच राहतो, थोडा वेळ वळवळतो, म्हणजे शत्रूचं लक्ष त्याच्याकडे जातं.

परीक्षेच्या दिवशी ऊन असं होतं की खिडक्यांना ओले पडदे लावले होते. बाहेरगावचे परीक्षक सर जाड, घामाघूम आणि स्वभावाने चांगले होते. ते प्रत्येकाला 'बेटा' म्हणत होते. शेजारी मॅडम बसल्या होत्या. दाराशी स्टुलावर माठ, आणि माठाशेजारी नाना. माझी पाळी आली. सरांनी माझी वही उघडली आणि दोन्ही बरण्या पुढे ओढल्या. मी इंग्रजीतून सांगितलं, हळू, पण सगळं. कणा, त्वचा, श्वसन, हालचाल. एकाचे डावे-उजवे असे दोन भाग, दुसऱ्याचे वर्तुळात पाच. सर मान डोलावत होते. मग म्हणाले, "इतके वेगळे आहेत, तर मग साम्य काय?"

"तुटलेला अवयव पुन्हा येतो, सर."

"छान." त्यांनी ताऱ्याची बरणी फिरवली. "अरे, याला तर चारच आहेत. पाचवा कुठे गेला?" आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच हसून म्हणाले, "पकडताना घाबरून टाकला असेल त्याने. हो ना, बेटा?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. कॉलेजची लाज झाकणारं उत्तर आयतं समोर आलं होतं आणि त्यांना ते हवं होतं. मला फक्त मान हलवायची होती. मान हलवण्यात मी जन्मभर तरबेज होते. दाराशी पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला आणि थांबला.

"नाही, सर," मी म्हणाले.

सरांनी बरणी पुन्हा माझ्याकडे फिरवली.

"पकडताना टाकला असता तर इतक्या वर्षांत ती जागाही बाकी अंगासारखी मळकी झाली असती. इथे तुटलेली जागा अजून पांढरी आहे. आणि पाचवा दोरा बघा, फास तसाच आहे, रिकामा. म्हणजे बांधला तेव्हा हात होता." इथपर्यंत मी इंग्रजीत होते. पुढचं मला इंग्रजीत येईना. "हा आत्ता तुटलाय. मी तोडला. बरणी मी उघडली होती. नानांनी नाही."

खोलीत कूलर चालू होता. मला वाटलं, आता काहीतरी मोठं होईल, छत खाली येईल असं काहीतरी. सर म्हणाले, "हं." आणि त्यांनी वहीतला पेन्सिलचा शब्द पाहिला, पुढचे रिकामे रकाने पाहिले, आणि वही मिटली. मॅडम अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "बाहेर थांब."

मला वाटलं होतं, खरं बोललं की नानांच्या कमरेला चाव्या परत येतील. तसं झालं नाही. उलट त्यांना दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत बोलावलं. विद्यार्थिनीला एकटीला म्युझियममध्ये सोडलं, आणि वर खोटं सांगितलं. आधी एक चूक होती, माझ्यामुळे दोन झाल्या. नाना तिथून बाहेर आले तेव्हा मी जिन्यात उभी होते.

"तुले कोन सांगं बोलाले?" ते म्हणाले. रागावले होते. मी त्यांना रागावलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. "मी खोटं बोलनू, तू खरं बोलनी. आते दोन्ही फसनूत."

मी म्हणाले, "नाना, चुकलं माझं."

"ते त्याच दिन सांगती ते?" एवढं बोलून ते खाली गेले. आवाजाशिवाय.

सुट्टीभर मी रावेरला होते. केळीचे घड ट्रकमध्ये चढवणाऱ्या माणसांच्या आरोळ्या, आणि आईच्या हाताखाली पापड. आईला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "येवढंसं?" आणि मग माझा चेहरा बघून तिने लाटणं बाजूला ठेवलं. मला आज वाटतं की येवढंसंच होतं. पण भीतीला मोजमाप नसतं, हे मी माझ्या वर्गातल्या मुलांना सांगत नाही. त्यांना बरण्या हाताळायच्या नसतातच. ती पडद्यावर चित्रं बघतात, तिथे काही तुटत नाही.

जूनमध्ये कॉलेज उघडलं. मी दुसऱ्या मजल्यावर जायचं टाळत होते. एका दुपारी जिन्यात असताना खालून आवाज आला. मांडीवर आपटणाऱ्या चाव्या. मी कठड्याला धरून उभी राहिले. नाना वर आले, माझ्या बाजूने गेले, दार उघडलं. क्लार्कने दोन महिन्यांत एकदाही बरण्या भरल्या नव्हत्या. उन्हाळ्यात सगळ्या बरण्यांतला द्रव खाली गेला होता, सॅलॅमँडरची पाठ द्रवाबाहेर येऊन सुकायला लागली होती. मॅडमनी जुडगा नानांच्या टेबलावर आणून ठेवला, असं मला नंतर कळलं. कुणी चूक कबूल केली नाही, कुणी माफी मागितली नाही.

आतून हाक आली, "अक्का. भाहेर कसाले हुभी शे?"

मी आत गेले. टेबलावर ताऱ्याची काचपट्टी बाहेर काढून ठेवलेली होती. जुने दोरे कुजले होते, ते त्यांनी कापून टाकले होते. शेजारी नवा पांढरा दोरा, कात्री, चिमटा. त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"माझ्याकडून पुन्हा तुटेल, नाना," मी म्हणाले.

"भेव लागस?"

"हो."

"लागू दे. हात तेवढा हालाले नको."

त्यांनी पट्टी धरली. मी बांधायला लागले. पहिल्या गाठीला पाचेक मिनिटं लागली असतील. ते पट्टी धरून उभे राहिले, एकदाही घाई केली नाही. दुसरी, तिसरी. चौथी बांधून मी दोरा कापला आणि कात्री खाली ठेवली.

"पाचवा," नाना म्हणाले.

"तिथे हातच नाही, नाना."

"दोरा बांध. जागा दखाडाले लागस."

मी दोरा घेतला, रिकाम्या काचेवर गुंडाळला, फास केला आणि गाठ मारली.

त्यांनी पट्टी उजेडाकडे धरून पाहिली, बरणीत सोडली, वरून स्पिरिट भरलं. मग चिठ्ठी समोर येईल अशी बरणी फिरवून ठेवली. तुटकी बाजूही समोरच आली.